करंजदऱ्याचं शून्य

रूपालीच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची सासू म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा तक्रार जास्त असायची. धुळ्याला देवपुरातल्या त्या घरात रूपालीला बसून चहा पिताना कोणी पाहिलेलं नव्हतं. एका हातात कप, दुसऱ्या हाताने डबा भरणं, आणि डोळे दाराकडे. नवरा नवल मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवायचा. तो सकाळी दुकानाची किल्ली शोधत असायचा तेव्हा ही स्कूटीला किक मारून गल्लीच्या टोकाला पोचलेली असायची.

ती मूळची पारोळा तालुक्यातल्या करंजदऱ्याची. वडील अभिमन पाटील, गावाचे आबा. गावातून एसटीने पारोळ्याला सायन्स शिकायला जाणारी ती पहिली मुलगी. पुढे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला, लग्न होऊन धुळ्याला आली, एका खासगी लॅबमध्ये लागली. पण लॅबमध्ये एका खुर्चीवर दिवसभर नळ्या हलवत बसणं तिच्या जिवावर यायचं. म्हणून सर्वेक्षणाचं कंत्राटी काम निघालं की ती लॅबमधून रजा घेऊन गावोगाव फिरायला निघायची. कुठे रक्तक्षय मोजायचा, कुठे साखर. तिचा हात हलका होता. सुई टोचल्यावर बायका विचारायच्या, "झालं का?"

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात किडनीच्या आजाराचं सर्वेक्षण निघालं. जळगावला कार्यालय असलेल्या एका संस्थेला धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत किती लोकांच्या किडन्या दुबळ्या झाल्या आहेत ते पाहायचं होतं. प्रत्येक जिल्ह्यातली चाळीस गावं, आणि प्रत्येक गावातली वीस प्रौढ माणसं. गावंही कॉम्प्युटरने निवडलेली आणि मतदार यादीतून माणसंही त्यानेच काढलेली. टॅबवर नाव आलं की त्याच माणसाकडे जायचं, शेजाऱ्याकडे नाही. माणूस कापूस वेचायला गेला असेल तर शेतात जायचं, बाहेरगावी असेल तर पुन्हा यायचं. लोक विचारायचे, "मनंच नाव कसं उनं?" रूपाली म्हणायची, "चिठ्ठी निघाली समजा भाऊ."

निवडलेल्या गावांत तिचं माहेर निघालं तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं, की करंजदऱ्याला मला पाठवू नका. दुसरा सहकारी गेला. तिच्या वाट्याला बाकीच्या गावांबरोबर सोनगीरच्या पलीकडचं हिंगळवाडे आलं. तिथे तिने सगळं नियमाने केलं. सुनंदाबाई नावाच्या एका बाईच्या ओट्यावर तिने पेटी ठेवली होती. सुनंदाबाईंचं नाव चिठ्ठीत नव्हतं, तरी त्यांनी तिला दोन दिवस कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला. "मना तेजसनं लगीन शे वैशाखमा," असं त्या सांगत होत्या. "तू ये बरं. नवलभाऊले बी आन."

रक्ताच्या नळ्या जळगावला गेल्या आणि रूपाली पुढच्या गावाला.

चैत्रात अहवाल आला. दोन्ही जिल्हे मिळून शंभरात साधारण अकरा माणसं. ही बातमी कोणाला फारशी महत्त्वाची वाटली नाही. पण अहवालाच्या शेवटी गावागावांचे आकडे होते, आणि एका स्थानिक बातमीदाराने ते उलगडून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपाली उभ्याने चहा पीत असताना नवलने मोबाइल तिच्यासमोर धरला.

"हे तुझंच गाव ना?"

मथळा होता : 'हिंगळवाड्यात दर तिसऱ्या माणसाची किडनी धोक्यात.' खाली चौकटीत : 'करंजदरे आदर्श गाव, एकही रुग्ण नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. वीसपैकी सहा. आकडा खोटा नव्हता. त्या सहा नळ्या तिच्याच हातून गेल्या होत्या. काहीतरी खुपत होतं, पण नक्की काय ते तिला सांगता येईना. तेवढ्यात करंजदऱ्याहून आबांचा फोन आला. आवाज असा, की जणू त्यांचा बैल शर्यतीत पहिला आला.

"वाचं का? आपला गावना शून्य उना, शून्य! बठ्ठा तालुकामा नाव व्हयनं. सरपंच फाटावर बोर्ड लाई ऱ्हायना."

"हो आबा, वाचलं," ती म्हणाली. खरं तर तिलाही बरं वाटलं होतं. आबा सत्तरीचे, धाकटा भाऊ हितेंद्र तिथलाच. माहेरचं पाणी चांगलं निघालं, आणखी काय पाहिजे? ही सुटका दिवसभर तिच्या मनात राहिली आणि तिच्या शेजारीच ते दुसरं, न सांगता येणारं.

आठवड्याभरात सुनंदाबाईंचा फोन आला. त्या नुसत्या रडल्या. मागून कोणीतरी पुरुष ओरडत होता. रूपालीने स्कूटी काढली.

उन्हाने आग्रा रोडवर डांबर चमकत होतं. सोनगीरचा किल्ला उजव्या हाताला गेला आणि फाट्यावरून ती आत वळली. गावात शिरताच तिला जाणवलं, की आपल्याला ओळखलं गेलंय आणि कोणी हाक मारत नाहीये. सुनंदाबाईंच्या ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती. ती आल्यावर कोणी सरकून जागा दिली नाही.

"उनी का?" सुनंदाबाई दारात उभ्या राहिल्या. "तू रगत लिधं तवय आम्ही तुले भाकर दिधी. आन् तू आम्हना गावनं नाव बुडाई टाकं! चोपडाना पाव्हणासनी सोयरीक मोडी टाकी. म्हनतस, आम्हनी पोर तठलं पानी कसाले पिई? आते मना पोऱ्याले कोन पोर देई?"

तेजस आत पलंगावर बसला होता. धुळ्याला एमआयडीसीत नोकरी करणारा, शांत मुलगा. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापायला टाकल्या होत्या. मुलगी चोपड्याकडची, केळीच्या बागाईतदाराची. त्याने मान वर केली नाही.

"माझ्या एकट्याचं नाही ताई," तो म्हणाला. "गावातली तीन लग्नं अडली आहेत. नवीन सून माहेरी निघून गेली एका घरातली. दूधवाला म्हणतो, तुमचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घेतो."

ओट्यावरचा एक म्हातारा उठला. "एक सांग माय. चूक कोनी कयी? तू कयी का मशीनना? कोनी तरी कयी ना?"

रूपालीने मनातल्या मनात सगळं तपासून पाहिलं. तिने एकही नियम मोडला नव्हता. मशीन बरोबर होतं. सहा माणसांच्या किडन्या खरोखर दुबळ्या होत्या, त्या सहांना तिने स्वतः डॉक्टरकडे धाडलं होतं. तरीही समोर बसलेल्या या लोकांचं काहीतरी चुकीचं झालं होतं, हे तिला दिसत होतं. "मी विचारून येते," एवढंच ती म्हणाली, आणि ते तिचं तिलाच फार पांगळं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने ती जळगावला गेली. अख्ख्या रस्त्यात तिने खिडकी पाच वेळा उघडली आणि पाच वेळा लावली. शेजारची बाई शेवटी जागा बदलून गेली.

संस्थेत प्रेमराज सर आकडेवारीचं काम पाहायचे. पन्नाशीचे, मूळचे रावेरकडचे, हळू बोलणारे. ती आत आली तशी त्यांनी विचारलं, "हिंगळवाडे?"

"तुम्हाला माहीत होतं सर, असं होणार म्हणून?"

"भीती होती." त्यांनी चष्मा काढला. "गावनिहाय आकडे देऊच नका असं माझं म्हणणं होतं. वरून सांगितलं, पारदर्शकता पाहिजे. मग मी प्रत्येक आकड्यापुढे खालची-वरची मर्यादा दिली. हिंगळवाड्यापुढे लिहिलंय, तीस टक्के, पण खरा आकडा पंधरापासून पन्नासपर्यंत कुठेही असू शकतो. बातमीत फक्त तीस राहिलं. मी त्या पेपरला फोन केला. ते म्हणाले, साहेब, पंधरा ते पन्नास असा मथळा होतो का?"

"मग चूक कोणाची?"

"त्याला आमच्यात त्रुटी म्हणतात, पण ती कोणाची नसते. बसा, दाखवतो."

ती बसली नाही. सरांनी कॉम्प्युटरवर एक तक्ता उघडला. डाव्या बाजूला ऐंशी गावांची नावं. "समजा, या ऐंशीही गावांत परिस्थिती अगदी सारखी आहे. सगळीकडे शंभरात अकरा माणसं. ना कुठलं पाणी वाईट, ना कुठलं चांगलं. आता प्रत्येक गावातनं हा कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून वीस माणसं उचलेल आणि त्यातली आजारी किती ते सांगेल. हे बटण दाबा."

तिने दाबलं. नावांपुढे आकडे उमटले. दोन, तीन, एक, दोन, शून्य, चार. खाली कुठेतरी एका गावापुढे सहा.

"हे बघा, या गावाची बातमी झाली," सर म्हणाले. "पुन्हा दाबा."

आता त्या गावापुढे एक होता आणि सहा दुसऱ्याच गावावर जाऊन बसला होता. तिने पुन्हा दाबलं. या वेळी सहा कुठेच नव्हता. पुन्हा दाबल्यावर दोन गावांत आला. ती बटण दाबत राहिली. प्रत्येक वेळी कोणाचं तरी नशीब फिरत होतं, आणि तिला दरवेळी सुनंदाबाईंचा ओटा दिसत होता, फक्त गाव वेगळं.

"म्हणजे हिंगळवाड्यात काहीच नाही?"

"असंही म्हणू नका," सर चटकन म्हणाले. "तिथे खरंच जास्त असेल, किंवा इतरांसारखंच असेल. वीस माणसांवरून ते कळत नाही, एवढंच आपल्याला म्हणता येतं. जिल्ह्यासाठी आठशे माणसं घेतली, तिथे आकडा दोन-तीनच्या वर हलत नाही. पण कलिंगडाचे तुकडे करत करत गेलं, की शेवटी हातात बी उरतं. त्याला कलिंगड म्हणून विकायचं नसतं."

रूपालीचं बोट अजून बटणावरच होतं. आणि तेव्हा तिचं लक्ष तक्त्यातल्या एका ओळीवर गेलं. करंजदरे. त्यापुढे तीन होता. तिने बटण दाबलं. एक. दाबलं. चार. मग शून्य. मग पुन्हा दोन.

"सर," तिचा आवाज बदलला, "शून्य किती गावांना येतं असं?"

"सगळं सारखं असतानाही? ऐंशीतल्या सात-आठ गावांना."

"आणि शून्य आलं म्हणजे खरा आकडा?"

"शंभरात पंधरापर्यंतही असू शकतो." मग त्यांना आठवलं असावं. "तुमचं माहेर त्यातलंच ना?"

तिने पिशवी उचलली. हिंगळवाड्यात सगळ्या गावाची तपासणी करायचा प्रस्ताव पाठवतो, असं सर म्हणत होते. "करंजदऱ्याचाही पाठवा," असं म्हणेपर्यंत ती जिन्यात पोचली होती.

परतीच्या एसटीत तिला खिडकी उघडायचंही सुचलं नाही. पारोळा गेलं. पुढे करंजदऱ्याचा फाटा आला आणि तिथे मोठ्ठा फ्लेक्स. सरपंच, उपसरपंच, सगळे हात जोडून, आणि मध्ये ठळक अक्षरांत : 'किडनी रुग्ण : ०. आमचे गाव, निरोगी गाव.' शून्याभोवती झेंडूच्या माळेचं चित्र. तिने कंडक्टरला बेल मारायला सांगितलं.

आबा लिंबाखाली खाटेवर होते. लेक अचानक आलेली पाहून हरखले. पण ती पाणीही न पिता म्हणाली, "आबा, तुमचं रक्त तपासायचं आहे. हितेंद्रचंही. वहिनीचंही."

"काब्रं?"

"तपासायचं, बस."

"आपला शून्य शे ना! मंग कसाले तपासानं?" आबा हसले. "तूच त्या सर्व्हेमा शेस, आन् तुनाच भरोसा नही का?"

तिने समजावून सांगितलं. चिठ्ठ्या, वीस माणसं, तक्ता. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं उनं तवय बी तुले चैन पडत नही पोरी. लहानपनथीन अशीच शेस तू." त्यांना वाईट वाटलं होतं, हे तिच्या लक्षात आलं. गावाला पहिल्यांदा काहीतरी मिळालं होतं आणि लेकच ते हिसकावून घ्यायला आली होती.

पिशवीत तिची पेटी नेहमीसारखी होती. ती आबांच्या शेजारी खाटेवर टेकली, पुन्हा उठली. तेवढ्यात हितेंद्र शेतातून आला. चाळिशीच्या आतला गडी, भाड्याने ट्रॅक्टर चालवायचा. दोघांची तोंडं पाहून त्याने हात पुढे केला.

"ले अक्का, पहिले मनं ले. मंग आबा देतीन. का हो आबा? मी भ्याव नही, तुम्ही भ्यातस का?"

आबांनी मग शर्टाची बाही वर केली. तिघांच्या नळ्या घेऊन ती शेवटच्या गाडीने धुळ्याला आली.

रिपोर्ट तिनेच लॅबमध्ये काढला. वहिनीचा चांगला. आबांचा, सत्तरीच्या माणसाचा, इतका स्वच्छ की तिला हसू आलं. मग तिसरा. क्रिएटिनिन दोनच्या वर, धड किडनीला ते एकच्या आसपास असतं. तिने मशीन तपासलं, पुन्हा लावलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा लावायला गेली तेव्हा लॅबच्या मालकीणबाईंनी तिचा हात धरला. "रूपाली, मशीन बरोबर आहे."

इतकी वर्षं तिने कितीतरी अनोळखी माणसांना असे रिपोर्ट हाती दिले होते. धीराने घ्या, डॉक्टरांना दाखवा, असं म्हणून पुढच्या घराला गेली होती. भावाला फोन लावताना मात्र तिला नंबर सापडेना, आणि तो तर तिला पाठ होता.

सिव्हिलला नेलं. सोनोग्राफी झाली, रक्तदाब पाहिला तर तो डोंगरावर. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कसल्या घेता?" हितेंद्रने सहज सांगितलं, की दिवसभर ट्रॅक्टरवर बसून कंबर जाम होते, म्हणून रोज दुखण्याच्या दोन गोळ्या, कापणीच्या दिवसांत तीन. दुकानात मिळतात. गावात सगळेच घेतात.

"सगळेच?" रूपालीने विचारलं.

"बठ्ठा ट्रॅक्टरवाला, बठ्ठा मजूर. त्यामा काय?"

अशा गोळ्या रोज घेतल्या की किडनी झिजते, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या, दाबाचं औषध दिलं. म्हणाले, आणखी दोन-तीन वर्षांनी आला असता तर फार उशीर झाला असता. एका तपासणीवर सगळं ठरत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. बाहेर आल्यावर तिने हितेंद्रला रस पाजायला नेलं. रसवंतीच्या बाकावर बसून त्याने रसाचा ग्लास नुसता हातात धरला.

"आम्हना गावना तं शून्य शे ना अक्का," तो शेवटी म्हणाला, "मंग मी कोन?"

प्रेमराज सरांनी दोन्ही गावांचे प्रस्ताव लावून धरले. मंजुरी यायला पावसाळा गेला. हिंगळवाड्यात अडचण आलीच नाही. लोक स्वतःहून रांगेत उभे राहिले. आपल्या कपाळावरचा डाग कोणाला पुसायचा नसतो? पण करंजदऱ्यात सरपंचाने हात वर केले. गावसभेत तो उघडच म्हणाला, "चांगलं चाललंय ते चालू द्या. तपासायला गेलो आणि दोन निघाले, तर आपण कुठे तोंड दाखवायचं? हिंगळवाड्याचं काय झालं ते पाहिलं ना? पोरं बिनलग्नाची राहतील." माना डोलल्या. रूपाली मागे बायकांत उभी होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर. बोलायला तोंड उघडलं तर कोणीतरी म्हणालं, "लेक सासरनी, तिनं काय शे आठे?"

तेव्हा हितेंद्र उठला. घरच्यांखेरीज कोणाला काही ठाऊक नव्हतं. त्याला दोन लहान मुली होत्या, आणि गावात लोक पोरीच्या सोयरिकीला आजोबापर्यंतचा आजार काढतात.

"मनी किडनी खराब शे," तो म्हणाला. "चैत्रमाच कळनं. फाटावर शून्य लिखेल शे, तवय बी ती खराबच व्हती. मी रोज त्याच बोर्डखालथीन ट्रॅक्टर लई जास."

मारुतीच्या पारावरच्या सगळ्या माना हितेंद्रकडे वळल्या. आबांनी मान खाली घातली होती. रूपालीला वाटलं, आता ते उठून घरी जातील. ते उठले, पण सरपंचाकडे वळून म्हणाले, "मना पोऱ्या खरं बोलना. बोर्ड काढी टाका. नही काढा, तं मी काढस."

बोर्ड त्या दिवशी निघाला नाही. पण तपासणीला दुसऱ्या आठवड्यात पहिले आले ते ट्रॅक्टरवाले. एक-एक करून, हितेंद्रकडे न पाहता. मग त्यांच्या बायका. मग गाव.

दिवाळीनंतर दोन्ही गावांचे निकाल लागले. या वेळी जवळजवळ सगळीच प्रौढ माणसं तपासली होती, त्यामुळे चिठ्ठीचा प्रश्न नव्हता. हिंगळवाडे : शंभरात बारा. करंजदरे : शंभरात अकरा. प्रेमराज सरांनी फोनवर आकडे वाचले आणि म्हणाले, "एकाच आईची लेकरं निघाली."

हिंगळवाड्यात फटाके फुटले. रूपाली तिथे पोचली तेव्हा सुनंदाबाईंनी तिला दारातच पेढा भरवला, डोळ्यांत पाणी आणून माफी मागितली, मागच्या सगळ्या बोलण्याची. ओट्यावर या वेळी सगळे सरकले. आतून चहा आला. पण रूपालीच्या पिशवीत नव्याने सापडलेल्या माणसांचे रिपोर्ट होते, आणि ती ज्या ज्या घरी गेली तिथे हेच ऐकू आलं, की आता काय काळजी, आपलं गाव तर इतरांसारखंच निघालं. एक जण तर म्हणाला, "ताई, कायले पुन्हा ते काढतेस? मिटलं ना आता."

"तुमचं मिटलं नाही भाऊ," ती म्हणाली. "गावाचं मिटलं. तुमचा रिपोर्ट हा तुमचा आहे." तो घेऊन त्याने पत्र्याखाली खोचून ठेवला. ती पुन्हा येईन म्हणाली. तिसऱ्या खेपेला तो डॉक्टरकडे गेला.

चोपड्याचे पाहुणे परत आले. गैरसमज झाला होता, म्हणाले, पोरगी अजून तशीच आहे, या वैशाखात उरकून घेऊ. सुनंदाबाई तर लगेच साडी काढायला धावल्या. तेजसने पाहुण्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि नाही म्हणून सांगितलं. सुनंदाबाईंनी खूप आदळआपट केली. रूपालीला फोन करून म्हणाल्या, तू समजाव त्याले. तिने फोन केला तेव्हा तेजस एवढंच म्हणाला, "ताई, जे आकडा वाचून गेले, ते आकडा वाचूनच परत आले. मध्ये मला कोणी एक फोन केला नाही. तिनेसुद्धा नाही." रूपालीने त्याला समजावलं नाही. पुढच्या वर्षी त्याने त्याच्याच कंपनीत काम करणाऱ्या भूमिका नावाच्या मुलीशी लग्न केलं. लग्न सोनगीरला झालं, आणि नवलही आला होता.

हितेंद्रचं क्रिएटिनिन उतरलं नाही, पण चढलंही नाही. डॉक्टर म्हणतात, हेच पुष्कळ आहे. कंबर दुखते तेव्हा तो आता ट्रॅक्टर थांबवून बांधावर आडवा होतो. गावातल्या दुकानदाराला त्याने सांगून ठेवलंय, की दुखण्याची गोळी मागणाऱ्याला आधी माझ्याकडे पाठव. दुकानदार पाठवत नाही, हेही त्याला माहीत आहे.

रूपालीने जळगावला जाऊन प्रेमराज सरांना एकच गोष्ट मागितली. शून्य आलेली बाकीची गावं कोणती? सहा होती. सरांनी पुन्हा प्रस्ताव पाठवले. दोन गावांना मंजुरी मिळाली. चार गावांना उत्तर आलं, की तिथे रुग्ण आढळलेले नसल्याने तपासणीची निकड दिसत नाही. ते उत्तर सरांनी तिला वाचून दाखवलं.

त्या चार गावांपैकी एक साक्रीच्या वाटेवर आहे. मागच्या रविवारी नवल म्हणाला, आज तरी घरी बस, शेवभाजी करू. रूपालीने भाजीचा मसाला वाटून ठेवला, गॅस बारीक करून सासूला लक्ष ठेवायला सांगितलं आणि हेल्मेट घेतलं. पेटी नेली नाही, मंजुरी नव्हती. तिथल्या ट्रॅक्टरवाल्यांशी नुसतं बोलायचं होतं, कंबर दुखल्यावर ते काय घेतात, एवढंच विचारायचं होतं. गावाच्या तोंडाशी पानटपरीवर तिघं-चौघं उभे होते. तिने स्कूटी बंद न करताच विचारलं,

"भाऊ, आठे ट्रॅक्टर कोन कोन चालाडस?"